नोकरी सोडण्याआधी तीन महिन्यांचे शनिवार द्या

गोव्यातल्या फोंड्याच्या एका ताईंचा प्रश्न आहे. वय 41, वेर्ण्यातल्या एका औषध कंपनीत अकाउंट्समध्ये 16 वर्षं नोकरी. तीन वर्षांपूर्वी वडिलांना अर्धांगवायू झाला. त्यांचं करता करता ताईंची स्वतःची झोप उडाली, वजन वाढलं, कशात मन लागेना. डॉक्टरांच्या गोळ्या, रोजचं चालणं, गावातला योगवर्ग आणि एका समुपदेशक बाईंशी बोलणं, या सगळ्यातून त्या सावरल्या. आता त्या लिहितात, "मला जे मिळालं ते दुसऱ्यांना द्यायचंय. सहा आठवड्यांचा ऑनलाइन हेल्थ कोच कोर्स पाहिलाय, फी भरायची मुदत जवळ आलीय. नोकरी सोडू का? उशीर तर झाला नाही ना? आणि यावर घर चालेल का?"

ताई, फी भरू नका आणि राजीनामा देऊ नका. उशीर मात्र मुळीच झालेला नाही. आता सविस्तर सांगते.

मी योग आणि समुपदेशनाच्या कामाकडे वळले तेव्हा माझं वय 38 होतं. त्याआधी डिचोली तालुक्यात एका खाण कंपनीच्या ऑफिसात हिशेब लिहायची. ट्रकवाल्यांच्या ट्रिपा, टनांचा आकडा, डिझेलची वजावट, आणि शेवटी बिल. 2012 च्या सप्टेंबरात सरकारने खाणी थांबवल्या, ऑक्टोबरात सर्वोच्च न्यायालयाचा आदेश आला आणि आमचा अख्खा पट्टा एका महिन्यात गप्प झाला. ऑफिस उघडं होतं, काम नव्हतं. सुरुवातीला ट्रकवाले राहिलेली बिलं विचारायला यायचे. पुढे विचारायला काही उरलं नाही, तरी येत राहिले. माझ्या टेबलासमोर एक पांढरी प्लास्टिकची खुर्ची होती. त्यावर बसायचे, चहा घ्यायचे, बँकेचा हप्ता किती ते सांगायचे आणि जायचे. पुढच्या आठवड्यात पुन्हा तोच हप्ता, तोच आकडा.

त्यातल्या एकाने एकदा म्हटलं, "बाय, रात्री झोपल्यावर सकाळी जाग येऊच नये असं वाटतं." मी लगेच म्हणाले, "असं अभद्र बोलू नये, देव आहे ना." तो हसला, कप खाली ठेवला आणि गेला. पुन्हा त्या खुर्चीवर बसायला आला नाही. आज तो मुलाच्या दुकानात बसतो, बरा आहे, हे माझं नशीब. पण त्या दिवशी त्याने दार उघडलं होतं आणि मी ते लावून घेतलं. त्याला साधं विचारायला हवं होतं, "जीव द्यावा असं मनात येतं का?" असं विचारल्याने कुणाच्या डोक्यात नवा विचार शिरत नाही, उलट बोलायला वाट मिळते, हे मला पुढे दोन वर्षांनी शिकायला मिळालं. हे काम शिकून करायचं असतं, ही गोष्ट मी त्या पांढऱ्या खुर्चीपाशी शिकले. तुमचा सहा आठवड्यांचा कोर्स मला खटकतो तो यासाठीच. कळवळा तुमच्याकडे आहे, त्याचा कोर्स लागत नाही. शिकायचं आहे ते समोरच्याचं एखादं वाक्य ऐकल्यावर पुढच्या अर्ध्या मिनिटात काय करायचं, आणि ते पडद्यावर पाहून येत नाही.

म्हणजे मोठी पदवी असल्याशिवाय कुणाला हात लावू नये, असं मी म्हणत नाही. उलट आपल्या गोव्यानेच जगाला याच्या विरुद्ध दाखवून दिलं आहे. 1996 साली इथे सुरू झालेल्या 'संगत' या मानसिक आरोग्याचं काम करणाऱ्या संस्थेने आणि मानसोपचारतज्ज्ञ डॉ. विक्रम पटेल यांच्या चमूने गोव्यातल्या सरकारी आरोग्य केंद्रांत एक प्रयोग केला. मानसोपचाराची पदवी नसलेल्या स्थानिक माणसांना प्रशिक्षण दिलं आणि नैराश्याच्या रुग्णांशी सहा ते आठ भेटींत ठरावीक पद्धतीने बोलायला बसवलं. 10 आरोग्य केंद्रं, 495 रुग्ण. नेहमीच्या उपचारापेक्षा अशा भेटी मिळालेल्यांना जास्त बरं वाटलं, आणि ते निष्कर्ष 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात छापून आले. जगभरात आज या कामाचा दाखला देतात. पण लोक त्यातला अर्धाच भाग सांगतात, 'साध्या माणसांनी केलं' एवढाच. त्या साध्या माणसांच्या भेटींचं ध्वनिमुद्रण व्हायचं. दर आठवड्याला सगळे एकत्र बसून ते ऐकायचे, एकमेकांना गुण द्यायचे, कुठे चुकलं ते सांगायचे. वर तज्ज्ञ होते. पदवी नव्हती, पण देखरेख कडक होती. तुम्ही कुठलाही कोर्स निवडा, पहिला प्रश्न एकच विचारा: माझं काम कोण ऐकणार, आणि चुकलं तर कोण सांगणार? उत्तर 'कोणी नाही' असेल तर तो कोर्स सोडून द्या.

त्या पद्धतीचा गाभा इतका साधा आहे की पहिल्यांदा ऐकल्यावर विश्वास बसत नाही. आपण समजतो आधी मन बरं होईल, मग माणूस उठून कामाला लागेल. इथे उलट करतात. आधी छोटी कृती, मन मागून येतं. ओळख पटणार नाही असे बदल करून एक उदाहरण सांगते. साठीतले एक गृहस्थ, टिप्पर ट्रक विकून बसलेले. आमच्याकडे कुणी 'मला नैराश्य आहे' असं म्हणत नाही. ते म्हणाले, "म्हाका कितेंच करूंक दिसना," म्हणजे काहीच करावंसं वाटत नाही. मीही नैराश्य हा शब्द काढला नाही, 'टेन्शन' म्हटलं, ते त्यांना पटलं. पूर्वी काय आवडायचं म्हणून विचारलं तर बायको मागून बोलली, गणेश चवथीच्या आरत्यांना गावात घुमट, म्हणजे मातीच्या भांड्याला चामडं लावलेलं वाद्य, हेच वाजवायचे. दोन वर्षं घुमट खुंटीवर होतं. मी वाजवा म्हटलं नाही. पहिल्या आठवड्याचं काम एवढंच, खुंटीवरून काढायचं, फडक्याने पुसायचं, परत अडकवायचं. कागदावर लिहून दिलं, वार आणि वेळ घालून. त्यांनी ते मंगळवारी केलं, शुक्रवारी राहिलं. का राहिलं यावर आम्ही वीस मिनिटं बोललो. दुसऱ्या आठवड्यात पुसून झाल्यावर अंगणात बसून पाच मिनिटं बोटं फिरवायची. चामडं सैल पडलं होतं, ते ताणून घ्यायला घुमट करणाऱ्याकडे जावं लागलं. म्हणजे घराबाहेर पडणं आलं, बसमध्ये बसणं आलं, दोन माणसांशी बोलणं आलं. सहाव्या भेटीला ते गावच्या भजनी मंडळात पाठीमागे बसून आले होते. वाजवलं नव्हतं, बसले होते. दवाखान्यातून आणलेली गोळी या सगळ्या काळात चालू होती. ती मी दिली नाही आणि बंद करा असंही सांगितलं नाही.

तुमच्या नोकरीच्या प्रश्नालाही मी हीच पद्धत लावते. 'नक्की ठरलं की सोडेन' असं मनाशी घोळवत बसू नका आणि एकदम उडीही घेऊ नका. वार आणि वेळ घालून छोटं काम घ्या. कोणतं ते शेवटी सांगते.

आता वाटा. फिजिओथेरपीचा विचार मनात असेल तर तो सोडून द्या. बारावीला जीवशास्त्र लागतं, वर साडेचार-पाच वर्षांचा पूर्णवेळ अभ्यास. आहाराचं म्हणाल तर पोषणशास्त्राची पदवी हवी, त्याशिवाय रुग्णाला आहाराचा तक्ता लिहून देऊ नये. 'हेल्थ कोच' हे नाव लावायला कुणाची परवानगी लागत नाही, आणि त्याला बाजारात वजन नाही तेही याचमुळे. तुमच्यापुढे खऱ्या अर्थाने दोनच वाटा आहेत, योगशिक्षण आणि समुपदेशन. मी दोन्ही धरल्या, पण एकामागून एक.

योगाची वाट आधी उघडते. आयुष मंत्रालयाच्या योग प्रमाणन मंडळाच्या परीक्षा पायरीपायरीने आहेत. पहिली पायरी साधारण 200 तासांची, पुढची 400 ची. लेखीबरोबर प्रात्यक्षिक असतं, नोकरी सांभाळून शनिवार-रविवारी होतं. आपल्या किनाऱ्यावर हरमल-मांद्र्यापासून आगोंदपर्यंत हंगामात तीन-चार आठवड्यांचे 200 तासांचे वर्ग चालतात. ते बहुतेक 'योगा अलायन्स'च्या नोंदणीचे असतात. ही अमेरिकेतली संस्था आहे, आपली सरकारी मान्यता नव्हे. पर्यटकांना शिकवायचं असेल तर ती वाट आहे. पण तुम्ही लिहिलंय त्यावरून तुमच्या डोळ्यांपुढे फोंड्याच्या बाजारातल्या बायका आहेत, गुडघे धरून जिना चढणाऱ्या. त्यांच्यासाठी इंग्रजी सूचना आणि डोक्यावर उभं राहणं कामाचं नाही. मला जमलं तर मी प्रत्येक नव्या योगशिक्षिकेला लोणावळ्याच्या कैवल्यधामात काही दिवस पाठवीन. स्वामी कुवलयानंदांनी 1924 साली ते सुरू केलं तेच योग प्रयोगशाळेत तपासून बघण्यासाठी. आसन कुणाला द्यायचं यापेक्षा कुणाला द्यायचं नाही हे तिथे मनावर ठसतं.

हे न कळण्याची किंमत मी दुसऱ्याला मोजायला लावली आहे. पहिल्या वर्षी वर्गात एक गृहस्थ कंबर दुखते म्हणून आले. मी काही विचारलं नाही, सगळ्यांबरोबर पश्चिमोत्तानासन करायला लावलं, वर पाठीवर हात ठेवून थोडं वाकवलं. दुसऱ्या दिवशी त्यांच्या डाव्या पायाला मुंग्या. मणक्याची चकती सरकलेली होती, ते त्यांना आधीपासून ठाऊक होतं. मी विचारलं असतं तर त्यांनी सांगितलं असतं. तेव्हापासून नवा माणूस आला की वही घेऊन पंधरा मिनिटं बसते. दुखणं पायात उतरतं का? पायाला बधिरपणा? रक्तदाब? डोळ्यांचा काचबिंदू? हर्निया? इन्सुलिन किती आणि कधी? बायकांना, दिवस गेलेत का? रक्तदाब चढा असेल किंवा काचबिंदू असेल तर डोकं खाली जाणारी आसनं नाहीत आणि जोरकस कपालभातीही नाही. इन्सुलिन घेणारा उपाशीपोटी वर्गाला आला तर साखर एकदम उतरते. घाम, थरथर, डोळ्यांपुढे अंधारी. माझ्या पिशवीत ग्लुकोजचा पुडा कायम असतो. आणि छातीत दुखतंय म्हणणाऱ्याला शवासनात झोपवायचं नसतं, गाडीत घालायचं असतं.

गोव्यात हे विशेष ध्यानात ठेवायला हवं. देशभरच्या मधुमेहाच्या मोठ्या सर्वेक्षणात, 2023 साली ते प्रसिद्ध झालं, गोव्याचा आकडा सगळ्या राज्यांत वर निघाला, 26.4 टक्के. म्हणजे तुमच्या वर्गात वीस प्रौढ असतील तर पाच जणांना साखर आहे असं धरूनच उभं राहायचं. त्यांना 'भात सोडा' म्हणून सांगणारे खूप भेटतात. शीतकडीवर वाढलेला माणूस चार दिवस सोडतो, पाचव्या दिवशी दुप्पट खातो आणि सांगणाऱ्याकडे परत फिरकत नाही. मी भाताला हात लावत नाही. जेवल्यावर लगेच आडवं व्हायची सवय आहे, तिथे हात घालते. जेवण झालं की दहा मिनिटं अंगणात किंवा गच्चीवर फिरायचं, एवढंच. आहार काय घ्यायचा ते डॉक्टर आणि आहारतज्ज्ञ सांगतील.

समुपदेशनाची वाट लांब आहे आणि अलीकडे आणखी लांब झाली आहे. मी नोकरी करता करता मुक्त विद्यापीठातून मानसशास्त्रात एम. ए. केलं. तुम्हाला तसं करता येणार नाही. 2021 साली संलग्न आरोग्य व्यवसायांचा राष्ट्रीय आयोग नेमणारा कायदा आला, त्यात मानसशास्त्रही येतं. त्याला धरून विद्यापीठ अनुदान आयोगाने 2025 च्या जुलै-ऑगस्ट सत्रापासून मानसशास्त्राचे दूरस्थ आणि ऑनलाइन अभ्यासक्रम बंद करायला सांगितले. त्यामुळे कुणी आज 'घरबसल्या मानसशास्त्रात पदवी' म्हणून फोन करत असेल तर पैसे देण्याआधी त्या सत्राला मान्यता आहे का, ते लेखी मागा. क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट हे नाव तर भारतीय पुनर्वास परिषदेच्या नोंदणीशिवाय लावताच येत नाही. मग तुम्ही काय करायचं? प्रत्यक्ष वर्गात जाऊन एम. ए. करायची तयारी आणि घरचं पाठबळ असेल तर करा. दोन वर्षं जातील, वाया जाणार नाहीत. नसेल तर प्रशिक्षित स्वयंसेवक म्हणून एखाद्या संस्थेच्या देखरेखीखाली काम करा आणि स्वतःला समुपदेशक म्हणवू नका. ती काही कमी प्रतीची जागा नव्हे. त्या 10 आरोग्य केंद्रांत बसणारी माणसं अशीच होती.

तुम्ही स्वतः त्या त्रासातून गेला आहात. त्याचा उपयोग होतो, पण एक जपा. समोरची बाई रडायला लागली की तुम्हाला तुमचे वडील आठवतील, आणि 'माझंही असंच झालं होतं' हे वाक्य ओठावर येईल. ते गिळा. ती तिचं सांगायला आली आहे. तुम्हाला जे चालणं लागू पडलं ते तिला पडेलच असं नाही, तिच्या घरासमोर चालायला रस्ताही नसेल. तुमचं स्वतःचं बोलायला तुमची समुपदेशक ठेवा, ती सोडू नका. मी अजूनही महिन्यातून दोनदा एका ज्येष्ठ बाईंकडे जाते, फी देऊन, आणि अडलेल्या केसेस त्यांच्यापुढे मांडते. दिवसाला पाचाहून जास्त माणसं घेत नाही.

जीव देण्याची भाषा आली तर तो तुमचा एकटीचा विषय राहत नाही. शांतपणे सरळ विचारायचं, माणसाला एकटं सोडायचं नाही, घरच्या एकाला सोबत घ्यायचं आणि बांबोळीच्या मनोविकार संस्थेत घेऊन जायचं. आयपीएचबी म्हणून सगळे ओळखतात ती. रात्री-अपरात्री 14416 हा टेली-मानसचा सरकारी क्रमांक चालू असतो, फुकट आहे. हा नंबर आजच फोनमध्ये घालून ठेवा, कोर्स करा न करा.

एक गोष्ट पुस्तकात फार थोडी सापडते आणि आपल्या गावांत सगळ्यात जड जाते. इथे सगळे सगळ्यांना ओळखतात. सकाळी जी बाई तुमच्यापाशी तासभर रडली, ती संध्याकाळी मासळी बाजारात सुंगटांचा भाव करताना भेटते. शेजारी तिची जाऊ उभी. तुम्ही 'काय, आता बरं वाटतं का?' म्हणालात की संपलं. ती परत येणार नाही, आणि तिच्याकडून कळून आणखी चौघी येणार नाहीत. मी पहिल्याच भेटीत सांगून ठेवते, बाहेर मी तुम्हाला ओळख दाखवणार नाही, तुम्ही बोललात तर बोलेन. जत्रेत, पावणीला, लग्नाच्या पंगतीत, सगळीकडे. नवऱ्यालाही सांगत नाही. सुरुवातीला माझ्या सासूबाईंना याचा राग यायचा, "कोण आली होती ते सांगायला काय होतं?" म्हणायच्या. मी योगवर्ग आणि बोलण्याची खोली एकाच दारातून ठेवली आहे. आत जाणारी बाई कशासाठी जाते ते रस्त्यावरून कळत नाही. तुम्ही जागा घ्याल तेव्हा हे बघून घ्या.

पैशांचं. नोकरी सोडल्यावर पहिल्या वर्षी माझे महिन्याला 8-9 हजार सुटत. त्याआधीचा पगार 22 हजार होता. नवऱ्याची नोकरी होती म्हणून निभावलं. वर्गाचं उत्पन्न सारखं नसतं. जूनमध्ये पाऊस लागला की अर्धे येत नाहीत, चवथीच्या पंधरवड्यात कुणीच येत नाही, मे महिन्यात माहेर आणि लग्नं. बारा महिन्यांचा घरखर्च बाजूला असल्याशिवाय राजीनामा लिहू नका, आणि त्या खर्चात वडिलांची औषधं आणि फिजिओथेरपी धरा. तुमची 16 वर्षं झालीत, ग्रॅच्युइटी आणि पेन्शनचा हक्क बसलेला आहे. पीएफ मात्र कोर्ससाठी मोडू नका. कंपनीचा मेडिक्लेम नोकरीबरोबर जातो, म्हणून स्वतःचा आरोग्य विमा नोकरीत असतानाच काढा. जुन्या आजारांना प्रतीक्षा काळ लावतात, तो आधीच सुरू झालेला बरा. हे हिशेब तुम्ही माझ्यापेक्षा चांगले मांडाल. सोळा वर्षं आकड्यांत काढलेला माणूस या कामात फार उपयोगी पडतो. कोण किती दिवस आलं, साखर किती होती आणि किती झाली, झोप किती तास, हे जो लिहून ठेवतो त्यालाच आपलं काम लागू पडतंय की नाही ते कळतं. माझ्या नोंदवह्या अजून खाणीच्या ट्रिपशीटसारख्याच आखलेल्या आहेत.

तर येत्या तीन महिन्यांचं काम. तुमच्याकडे शनिवार मोकळा असतो असं लिहिलंय. पहिले चार शनिवार तुम्ही जिथे शिकलात त्याच योगवर्गात जा, पण सतरंजीवर बसू नका. बाईंना विचारून मागे उभ्या राहा आणि कोणाला काय जमत नाही ते फक्त बघा. पुढचे चार, ज्येष्ठांची काळजी घेणाऱ्या किंवा मानसिक आरोग्याचं काम करणाऱ्या एखाद्या संस्थेत, सतरंज्या घालण्यापासून जे सांगतील ते. उरलेले चार, वडिलांसारख्याच अर्धांगवायू झालेल्या एका शेजाऱ्याकडे. त्यांच्या फिजिओथेरपिस्टने सांगितलेला व्यायाम त्यांच्या घरच्यांकडून करून घ्यायला बसा, स्वतःचं काही शिकवू नका. तिसऱ्या-चौथ्या वेळी तो माणूस कंटाळेल, चिडेल, 'आज नको' म्हणेल. त्या दिवशी तुम्हाला काय वाटलं ते घरी येऊन लिहा. कोर्सची जाहिरात बघताना जे वाटलं होतं, त्याच्या शेजारीच लिहा.

बारा शनिवारांपैकी किती गेलात आणि किती चुकले, त्या आकड्यासह मला चवथीनंतर कळवा. मग कोर्सचं बघू.